राजापूर मतदारसंघाचा इतिहास दुसऱ्या मतदारसंघाच्या नावावर नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकसभेची निवडणूक आली की बहुतेक सर्व मराठी दैनिकांत मतदारसंघनिहाय आढावे छापून येतात आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाविषयी एक वाक्य हमखास असते : ‘बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी प्रतिनिधित्व केलेला हा मतदारसंघ’. नाथ पै आणि दंडवते हे दोघेही रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नावाच्या मतदारसंघातून कधीही उभे राहिले नाहीत. ते निवडून आले ते राजापूर मतदारसंघातून, आणि तो मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत रद्द झाला. या गोष्टीकडे केवळ नावाचा बदल म्हणून पाहता येणार नाही, कारण नव्या मतदारसंघात ज्या भागाची भर पडली त्या भागाचा राजकीय इतिहास राजापूरहून अगदी निराळा होता आणि दोन्हींची सरमिसळ करून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या पट्ट्याला राजापूर हे नाव नव्हते. तेव्हा रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशी विभागणी होती. १९५७ मध्ये राजापूर हे नाव आले आणि त्याच निवडणुकीत वेंगुर्ल्यात जन्मलेले, पस्तिशीही न गाठलेले नाथ पै प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून आले. ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे होते आणि प्रजा समाजवादी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक होता, तेव्हा या विजयाचे श्रेय समितीच्या लाटेला देणे चुकीचे नाही. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने त्याच लाटेत जनसंघाचे प्रेमजीभाई आसर यांना लोकसभेत पाठवले होते. त्या लोकसभेत जनसंघाचे सारे मिळून चारच खासदार होते आणि त्यांतला एक रत्नागिरीचा होता, ही गोष्ट आज कोकणातल्याही फार थोड्यांना ठाऊक असेल.

परंतु लाट ओसरल्यावर काय झाले, हे पाहिल्याशिवाय राजापूर समजत नाही. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, समितीचे प्रयोजन संपले आणि यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने १९६२ मध्ये राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. उरलेल्या तीनपैकी दोन विदर्भातल्या अपक्षांच्या होत्या. त्यांत नागपूरचे लोकनायक बापूजी अणे हे एक. राजकीय पक्षाच्या चिन्हावर काँग्रेसला हरवणारा महाराष्ट्रातला एकमेव मतदारसंघ राजापूर होता. रत्नागिरी मतदारसंघाने मात्र त्या वर्षी काँग्रेसच्या शारदा मुखर्जी यांना निवडले. १९५७ मध्ये बरोबरीने चाललेले हे दोन शेजारी पाच वर्षांत वेगळ्या वाटांनी गेले ते असे.

नाथ पैंच्या संसदीय कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एकाच गोष्टीचा उल्लेख करतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना बाध आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर तिसऱ्यांदा निवडून आलेल्या नाथ पैंनी संसदेचा तो अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, पण लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते मंजूर होऊ शकले नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने जे केले त्याचा गाभा या विधेयकात होता. विरोधी पक्षातल्या, तेही लहान पक्षातल्या, एका खासदाराने सरकारच्या आधी हा प्रश्न पटलावर आणावा, यात त्याला पुन्हा पुन्हा निवडून देणाऱ्या मतदारसंघाचाही वाटा आहे असे मी मानतो. खात्रीची जागा नसलेला खासदार असल्या कामाला वेळ देऊ शकत नाही.

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले. लोकसभा त्याआधीच विसर्जित झाली होती आणि मार्चमध्ये मतदान होते. प्रजा समाजवादी पक्षाने उमेदवारी दिली ती मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, मूळ अहमदनगरचे, प्रा. मधु दंडवते यांना. बाहेरचा माणूस, दोन महिन्यांची मुदत आणि समोर इंदिरा गांधींची ‘गरिबी हटाओ’ची लाट. त्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा घेतल्या. राजापूर तरीही काँग्रेसच्या हाती लागले नाही. प्रजा समाजवादी पक्षाचे संपूर्ण देशात दोनच खासदार निवडून आले : बंगालमधल्या कांथीहून समर गुहा आणि राजापूरहून दंडवते.

नाथ पैंविषयीच्या सहानुभूतीमुळे हे घडले, असे पुष्कळदा लिहिले जाते. पहिल्या विजयापुरते ते काही अंशी खरे असेल, पण सहानुभूतीवर कोणी पाच निवडणुका जिंकत नाही. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा पाच वेळा दंडवते येथून निवडून आले आणि या पाच विजयांची चिन्हे व पक्ष पाहिले तर गंमत वाटते. पहिल्या वेळी प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी होती. १९७७ मध्ये जनता पक्ष नुकताच जन्मला होता आणि त्याला स्वतःचे चिन्ह नव्हते, म्हणून चक्रातला नांगरधारी शेतकरी हे भारतीय लोकदलाचे चिन्ह घेऊन तो लढला. परिणामी निवडणूक आयोगाच्या त्या वर्षीच्या अहवालात राजापूरच्या रकान्यात विजयी पक्ष म्हणून भारतीय लोकदल दिसतो. चरणसिंगांच्या या पक्षाचा कोकणात मागमूसही नव्हता. नुसता तक्ता पाहून विश्लेषण करणाऱ्याला राजापूरने एकदा उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या पक्षाला कौल दिला असे वाटले तर त्याचा दोष नाही. पुढे जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आणि १९८९ मध्ये जनता दलाचे चक्र. ज्या मतदाराला वर्षानुवर्षे झोपडीवर शिक्का मारायची सवय, त्याला नवे चिन्ह समजावून सांगण्याचे काम दर खेपेला कार्यकर्त्यांच्या वाट्याला आले असणार. पक्ष फुटले, मिळाले, पुन्हा फुटले. मतदार मात्र माणूस ओळखून होता.

यांतल्या १९८० आणि १९८४ या दोन निवडणुका माझ्या मते सर्वांत बोलक्या आहेत. १९८० मध्ये जनता पक्षाचा प्रयोग फसल्याचा राग देशभर होता. महाराष्ट्रात इंदिरा काँग्रेसला ४८ पैकी ३९ जागा मिळाल्या. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४३ जागा जिंकल्या आणि केवळ पाच मतदारसंघ तिच्या हातून निसटले. त्यांत बारामतीला शरद पवार, मुंबईत डॉ. दत्ता सामंत, कुलाब्यात दि. बा. पाटील आणि राजापूरला दंडवते होते. पवारांच्या मागे सहकाराचे जाळे होते, सामंतांच्या मागे गिरणी कामगारांचा संप, दि. बां.च्या मागे शेतकरी कामगार पक्षाची आगरी-शेतकरी संघटना. दंडवत्यांच्या मागे असे काहीच नव्हते. ना साखर कारखाना, ना जातीची मतपेढी, ना पैसा.

राजापूर वाऱ्याच्या विरुद्ध का जात होते, याचे एक कारण मला यातच दिसते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता गावपातळीवर टिकली ती साखर कारखाना, जिल्हा बँक, दूधसंघ यांच्या आधाराने. कर्ज, ऊस आणि नोकरी ज्याच्या हाती त्याच्या हाती मत. दक्षिण कोकणात ऊस नव्हता, जमिनीचे तुकडे लहान आणि घरखर्च चालत असे तो मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. आंबा, काजू, मासळी यांच्या धंद्यात व्यापारी होते, पण मतदाराचे नाक दाबता येईल अशी संस्था कोणाच्याच हाती नव्हती. मुंबईचा चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात गावी येताना परळ-लालबागचे राजकारणही बरोबर आणत असे. समाजवाद्यांना याचा फायदा झाला आणि पुढे शिवसेनेलाही झाला. त्यामुळे ‘समाजवाद्यांचा बालेकिल्ला पुढे सेनेचा बालेकिल्ला झाला’ या वाक्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. रस्ता एकच होता. त्यावरून आधी एक गेला, मग दुसरा.

हा मतदार भाबडेपणाने कोणाच्या उपकाराखाली राहिला, असेही नाही. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्या कारकिर्दीत, आणि कोकणात रेल्वे यावी म्हणून ते सत्तेत असताना आणि नसतानाही झटत राहिले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात ते अर्थमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर वर्षाच्या आत झालेल्या निवडणुकीत राजापूरने त्यांना पराभूत केले आणि लष्करातून राजकारणात आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत यांना निवडले. त्या निवडणुकीच्या मध्यावर राजीव गांधींची हत्या झाली होती, राज्यात काँग्रेसला ३८ जागा मिळाल्या. शिवाय १९९० च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने कोकणात पाय रोवले होते, मालवणमधून नारायण राणे पहिल्यांदा आमदार झाले होते आणि मुंबईच्या चाकरमान्याचे मन समाजवाद्यांकडून सेनेकडे वळले होते. विरोधी मतांचा धनी बदलला, आणि तो बदल होत असताना मधल्या फटीतून काँग्रेसला जागा मिळाली, असा माझा तर्क आहे. राजापूरच्या या मतदारसंघात काँग्रेसचा विजय झाला तो एवढाच.

१९९६ पासून पुढच्या चारही निवडणुका सुरेश प्रभू यांनी शिवसेनेच्या धनुष्यबाणावर जिंकल्या. व्यवसायाने सनदी लेखापाल, सहकारी बँकेच्या अध्यक्षपदाचा अनुभव आणि शाखेवरच्या राजकारणाची पार्श्वभूमी मुळीच नाही, असा उमेदवार सेनेने येथे दिला, यावरून पक्षानेही मतदारसंघाची नाडी ओळखली होती असे म्हणावे लागते. यांतली १९९८ ची निवडणूक पुन्हा वाऱ्याच्या विरुद्ध जाणारी होती. १९९६ मध्ये राज्यात १५ जागा जिंकलेली शिवसेना १९९८ मध्ये सहावर आली आणि त्या सहांपैकी दोन, रत्नागिरीची अनंत गीते यांची आणि राजापूरची प्रभूंची, या किनाऱ्यावरच्या होत्या. प्रभू वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री झाले आणि ऑगस्ट २००२ मध्ये पक्षादेशावरून त्यांनी पद सोडले तेव्हा ते खाते त्यांच्याच शेजारच्या खासदाराकडे, गीते यांच्याकडे गेले. देशाचे ऊर्जा खाते एका कोकणी मतदारसंघातून लगतच्या कोकणी मतदारसंघात गेले तरी आमच्या गावांतला विजेचा लपंडाव काही थांबला नाही, हे जाता जाता. राजापूरमधून निवडून आलेल्या दोघांनी, दंडवते आणि प्रभू यांनी, वेगवेगळ्या काळी रेल्वे खाते सांभाळले; अर्थात २०१४ मध्ये प्रभू रेल्वेमंत्री झाले आणि राज्यसभेवर गेले तेव्हा राजापूर मतदारसंघ उरला नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००८ पर्यंतच्या नकाशात राजापूर मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ होते : लांजा, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि सावंतवाडी. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तुकडा आणि १९८१ मध्ये स्वतंत्र झालेला संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्हा. राजापूर शहर याच्या उत्तर टोकाला. सावंतवाडीचा मतदार शंभरएक किलोमीटरवरच्या गावाच्या नावाने खासदार निवडत असे. दुसरीकडे रत्नागिरी मतदारसंघात दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी आणि संगमेश्वर हे सहा होते. तिथला इतिहास पाहा : जनसंघाचे आसर, काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, काँग्रेसचेच शांताराम पेजे, १९७७ आणि १९८० मध्ये जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर, १९८४ मध्ये काँग्रेसचे हुसेन दलवाई, १९८९ आणि १९९१ मध्ये काँग्रेसचे गोविंदराव निकम, नंतर सेनेचे गीते. १९६२, १९६७, १९७१, १९८४ आणि १९८९ या पाच वर्षी राजापूर एकीकडे आणि रत्नागिरी दुसरीकडे होते.

२००१ च्या जनगणनेच्या आधाराने झालेल्या पुनर्रचनेत दोन्ही जिल्ह्यांच्या विधानसभेच्या बारा जागांच्या आठ झाल्या. कारण सरळ होते. राज्याची लोकसंख्या ४८ ने भागली तर लोकसभेच्या एका मतदारसंघाच्या वाट्याला २० लाखांहून अधिक माणसे येत होती आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या होती ८ लाख ६८ हजार. दोन्ही जिल्हे मिळून २५ लाखांच्या आसपास. एवढ्यावर दोन खासदार टिकणे शक्य नव्हते. म्हणून चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या सहांचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला आणि दापोली व गुहागर रायगडला जोडले गेले. सहांपैकी चार जुन्या राजापूरचे आहेत हे खरे, म्हणून वारसा सांगण्याचा मोह होतो. पण चिपळूण आणि रत्नागिरी या उरलेल्या दोन भागांनी नाथ पै किंवा दंडवते यांना लोकसभेसाठी कधी मत दिले नव्हते. त्यांच्या मतपत्रिकेवर ती नावे नव्हतीच.

म्हणून २००९ मध्ये काँग्रेसचे नीलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला तेव्हा ‘सेनेचा गड ढासळला’ हे मथळे मला अर्धवट वाटले होते. नारायण राणे यांनी २००५ मध्ये सेना सोडून काँग्रेसमध्ये जाणे हे त्या निकालाचे मोठे कारण होतेच, पण प्रभू ज्या मतदारसंघातून चारदा जिंकले त्या मतदारसंघात ते त्या वर्षी लढतच नव्हते. पुढे २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत निवडून आले आणि २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर नारायण राणे सुमारे ४८ हजार मतांनी विजयी झाले. हे चारही निकाल एका नव्या मतदारसंघाचे आहेत. त्यांची तुलना परस्परांशी करावी; १९७१ किंवा १९८४ शी करायची असेल तर विधानसभा मतदारसंघ अथवा तालुका निहाय आकडे घेऊन करावी. तेवढी उठाठेव करायची नसेल तर निदान आढाव्याखाली ‘२००८ पूर्वी हा भाग राजापूर आणि रत्नागिरी या दोन मतदारसंघांत विभागलेला होता’ एवढी एक ओळ छापावी, अशी माझी विनंती आहे. हाच नियम कुलाबा, खेड, कराड, इचलकरंजी, पंढरपूर, कोपरगाव, एरंडोल, वाशिम या त्याच वेळी नकाशावरून गेलेल्या मतदारसंघांनाही लावता येईल. कऱ्हाडचा इतिहास साताऱ्याच्या किंवा खेडचा शिरूरच्या खात्यावर टाकण्याची चूक याच जातीची आहे.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आणखी एक आहे. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या वाट्याच्या जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या आहेत आणि ती मुदत आता जवळ आली आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ४९ हजारांवर आणि रत्नागिरीची १६ लाख १५ हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या घटलेले राज्यातले जिल्हे हे दोन आणि मुंबई शहर, एवढेच. आमची माणसे नाहीशी झालेली नाहीत, ती विरार, डोंबिवली, बदलापुरात आहेत आणि तिथल्या मतदारसंघांची संख्या वाढवत आहेत. लोकसंख्या हाच निकष राहिला तर पुढच्या पुनर्रचनेत दक्षिण कोकणातल्या आठ विधानसभा जागांचे काय होईल, हा प्रश्न इथल्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी आजच विचारायला हवा, पण आमच्याकडे चर्चा चालते ती पुढचा उमेदवार कोण याची.

पुनर्रचना आयोग आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र त्याला सहसा न्यायालयात आव्हान देता येत नाही. हरकतींची ही मुदत सामान्य वाचकाच्या कानावरून केव्हा निघून जाते ते कळतही नाही. मसुदा येईल तेव्हा आपल्या दैनिकाने तालुक्यांच्या आणि महसूल मंडळांच्या हद्दींसह कोकणाचा जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी छापावा, आणि हरकत कोणाकडे, किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात नोंदवायची याची माहिती पहिल्या पानावर द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक,
कणकवली, जि. सिंधुदुर्ग